जायचा, जायची, जायचे

२०१२ सालच्या एका घटक चाचणीचा पेपर माझ्या कपाटात आहे. नववीतल्या मुलाचा. त्या वर्षीचे बाकीचे गठ्ठे रद्दीत गेले, हा एवढा मी काढून ठेवला. तपासला त्या रात्री मात्र त्यात ठेवण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नव्हतं.

जुन्नर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी ३४ वर्षं इंग्रजी शिकवलं. १९९१ ला लागलो, २०२५ ला निवृत्त झालो. बाहेरच्या माणसाला आमचा तालुका शिवनेरीमुळे माहीत असतो, तमाशाच्या शौकिनाला नारायणगावच्या राहुट्यांमुळे आणि व्यापाऱ्याला टोमॅटोच्या बाजारामुळे. पण परदेशाशी उपग्रहामार्फत बोलणारं देशातलं पहिलं भूकेंद्र १९७१ साली सुरू झालं ते याच तालुक्यात, आर्वीला. आणि नव्वदच्या दशकात ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण उभी राहिली तीही इथेच, खोडदच्या परिसरात. तंत्रज्ञान आमच्या बांधावर येऊन बसलं होतं म्हणा ना. तरी ‘तंत्रज्ञान आणि आपले जीवन’ असा विषय फळ्यावर लिहिला की आमची पोरं कुठल्याच गावात न राहणाऱ्या एका माणसाबद्दल लिहायची. हा माणूस सकाळी उठून संगणक लावायचा, विमानाने फिरायचा, इंटरनेटवरून जगाशी जोडला जायचा आणि शेवटी तंत्रज्ञानाचा वापर विवेकाने करावा असं सांगून संपायचा.

तो माणूस मुलांना मीच पुरवला होता. मला तो माझ्या मास्तरांकडून मिळाला होता.

माझा जन्म १९६७ चा, म्हणजे बालभारतीच्या जन्मसालचा. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून. मुळाक्षरं संपून वाक्यं सुरू झाली तेव्हा चुलत्यांनी माळ्यावरून तर्खडकरांची भाषांतर पाठमाला काढून दिली. इकडे मराठी वाक्य, तिकडे इंग्रजी. कोणाची मांजर कोणाच्या टेबलाखाली आहे असल्या वाक्यांची लोक थट्टा करतात, पण मला त्या पुस्तकाने एक गोष्ट शिकवली. इंग्रजी वाक्याला ठरलेला सांगाडा असतो, तो एकदा हाती आला की शब्द बदलत जाता येतं. १९८३ ला दहावीला बसलो तेव्हा ‘विज्ञान : शाप की वरदान’ हा निबंध मराठीत एक आणि इंग्रजीत एक असा दोनदा पाठ केला होता. इंग्रजीतल्याची सुरुवात ‘धिस इज द एज ऑफ सायन्स’. तो मी पाठ केला कंदिलाच्या उजेडात, आणि पाठ होईना म्हणून ओरडणारे वडील त्याच रात्री मला बरोबर घेऊन विहिरीवर गेले, कारण लाईट रात्रीची होती आणि कांद्याला पाणी द्यायचं होतं. त्यांनी मोटारीच्या पेटीचं बटण दाबलं, मी बॅटरी धरली, आणि पहाटेपर्यंत आम्ही दारं धरली. एका सरीत पाणी भरलं की फावड्याने तिचं तोंड बुजवायचं, पुढचीचं फोडायचं. विज्ञानाचा शाप आणि वरदान दोन्ही त्या रात्री माझ्या पायाखालून वाहत होती. मी मनातल्या मनात ‘धिस इज द एज ऑफ सायन्स’ घोकत होतो.

पुढे बी.एड.ला वाक्यांच्या सांगाड्यामागचं शास्त्र कळलं. हॉर्नबी नावाचा इंग्रज १९२४ साली जपानला शिकवायला गेला. तिथल्या विद्यार्थ्यांना इंग्रजी शब्दांचे अर्थ समजत, पण शब्द वाक्यात बसवताना गाडी अडे. कोणत्या क्रियापदामागे काय येतं आणि काय चालत नाही याचे साचे त्याने बांधले. त्यातून तयार झालेला कोश आधी १९४२ मध्ये जपानात निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने छापला. १९५४ च्या त्याच्या पुस्तकात क्रियापदांचे २५ साचे आहेत. पाठ घेताना आम्ही याच वळणाचे तक्ते करायचो. पहिल्या रकान्यात तीन कर्ते, दुसऱ्यात तीन क्रियापदं, तिसऱ्यात तीन ठिकाणं. एकाखाली एक बोट फिरवलं की २७ वाक्यं तयार.

मी नोकरीला लागलो तो असे तक्ते पुठ्ठ्यावर रंगवूनच. मुलं एका सुरात म्हणायची, ‘ही युज्ड टू गो टू द मार्केट. शी युज्ड टू गो टू द गार्डन.’ पर्यवेक्षक खूश व्हायचे. २७ च्या २७ वाक्यं बरोबर, आणि त्यातलं एकही खरं नाही, हे मात्र मला कित्येक वर्षं खटकलं नाही. आमच्या गावात गार्डन नव्हतं.

२००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं. त्या पहिल्या तुकडीची मुलं २००७ ला माझ्याकडे आठवीत आली. फरक जाणवला. रंग, फळं, प्राणी, सगळ्यांची नावं त्यांना यायची. कविता हावभावासह म्हणायची. पण ‘काल काय केलंस?’ याचं उत्तर इंग्रजीत द्यायचं म्हटलं की शब्द हातात आणि तोंड गप्प. त्या वर्गात ‘युज्ड टू’ शिकवताना मी नेहमीसारखं फळ्यावर लिहिलं : जात असे, करत असे, राहत असे. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “सर, म्हणजे ‘जायचा’ का?”

मी थांबलो. ‘जात असे’ हे गाईडचं मराठी होतं. आमच्या तालुक्यात कुणाचाही आजोबा बाजाराला जात नसे, तो जायचा. मी १६ वर्षं मुलांना एका परक्या भाषेचा अर्थ दुसऱ्या परक्या भाषेत सांगत होतो. फळा पुसला आणि लिहिलं : जायचा, जायची, जायचे. वर्गात एकदम बोलणं सुरू झालं. आजी दळायची, ग्राइंड. मामा कुस्ती खेळायचा, रेसल. ज्याला त्याला आपला एक ‘चा’ सापडला.

पुढच्या आठवड्यात त्याचं उत्तर माझ्या टेबलावर आलं. निम्म्या वह्यांमध्ये ‘मला डॉक्टर व्हायचंय’ याचं इंग्रजी ‘आय युज्ड टू बी अ डॉक्टर’ असं झालं होतं. चूक कुठून आली ते लगेच कळलं. मराठीतला हा ‘चा’ मागे गेलेल्या सवयीचाही आहे आणि पुढे करायच्या कामाचाही. ‘तो जायचा’ म्हणजे पूर्वी. ‘त्याला जायचंय’ म्हणजे अजून. मी नियम सांगणार इतक्यात एका मुलानेच सांगितला, “सर, ‘मी’ असलं की झालेलं, ‘मला’ असलं की व्हायचंय.” मराठीचं व्याकरण मुलांच्या तोंडात होतं, ते इंग्रजीच्या तासाला बाहेर आलं.

मग मला नादच लागला. परीक्षेत ‘डू ॲज डायरेक्टेड’ म्हणून जी वाक्यं फिरवायला येतात त्यांचं आमच्या बोलण्यातलं रूप शोधायचं. ‘ॲज सून ॲज’ म्हणजे ‘लाईट आली की’. पोर म्हणायचं ‘ॲज सून ॲज द लाईट कम्स’ आणि मी ‘लाईट’ खोडून ‘इलेक्ट्रिसिटी’ लिहायचो, एवढा अडाणीपणा तेव्हाही शिल्लक होता. ‘नो सूनर’ हे इंग्रजीतलं सगळ्यात ताठ वाक्य. कर्त्याच्या आधी ‘डिड’ येतं, पुढे ‘दॅन’ येतं, पोरांना काही केल्या जमेना. ते भारनियमनाचे दिवस होते. एकदा वर्गातला पंखा फिरायला लागला आणि दोन गरके घेऊन थांबला. खिडकीजवळच्या मुलाने मान वर न करता म्हटलं, “सर, नो सूनर डिड द लाईट कम दॅन इट वेंट.” अख्खा वर्ग हसला. मी हसता हसता खडू घेतला आणि त्या वाक्याखाली लिहिलं : लाईट येते न येते तोच गेली. इंग्रजीतला ‘नो’ आणि मराठीतला ‘न’, इंग्रजीतला ‘दॅन’ आणि मराठीतला ‘तोच’. त्या वर्षी ‘नो सूनर’चा गुण आमच्या फारशा मुलांनी सोडला नाही.

इतकं सगळं जमल्यावर मला वाटायला लागलं की मी बरा शिक्षक झालो आहे. तेव्हाच तो २०१२ चा पेपर माझ्या हाती आला.

विषय नेहमीचा, ‘तंत्रज्ञानाने आपले जीवन कसे बदलले’. मी गठ्ठा झपाट्याने तपासत होतो, कारण निबंध सगळे ओळखीचे होते. त्यात हा. आठ ओळी. मराठी लिपीत उतरवतो : ‘माय फादर युज्ड टू गो टू वेल ॲट नाइट. टायगर इज इन शुगरकेन. मदर नॉट स्लीप. नाऊ ही गिव्ह मिस्ड कॉल टू मोटर. वन मॅडम स्पीक फ्रॉम मोटर. शी से नो लाईट. फादर स्लीप. आफ्टर वन अवर ही अगेन गिव्ह मिस्ड कॉल.’

मी ‘टायगर’चा ‘लेपर्ड’ केला. क्रियापदांना एस लावले. ‘मिस्ड कॉल टू मोटर’खाली लाल रेघ मारून प्रश्नचिन्ह काढलं. ‘वन मॅडम’वर फुली मारली. खाली शेरा लिहिला, ‘मुद्द्याला धरून लिही.’

दुसऱ्या दिवशी शिक्षक-खोलीत मी तो निबंध गंमत म्हणून वाचून दाखवला. मोटारीतल्या मॅडमवर सगळे हसले. चहा घेऊन आलेले शिपाई मामा हसले नाहीत. म्हणाले, “खरं लिहिलंय की त्यानं. आमच्याबी मोटारीत बाई बोलती.” मग त्यांनी समजावून सांगितलं. पेटीत एक सिमकार्डवालं यंत्र बसवायचं. घरून त्या नंबरला फोन लावला की मोटार चालू, पुन्हा लावला की बंद. लाईट नसेल, एखादा फेज गेला असेल, तर आतून रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज तसं सांगतो. उसात वाघ असतो, रात्री दोनला विहिरीवर जायला नको. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. माणिकडोहला बिबट्यांसाठी केंद्र आहे ते हौसेने काढलेलं नाही. “तुम्हाला कसं ठाऊक असणार, सर?” मामा कप उचलता उचलता म्हणाले. “तुमची जमीन वाट्यानं. तुम्ही नारायणगावात राहता.”

मामांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. कंदिलाखाली विज्ञानाचा निबंध घोकून विहिरीवर जाणारा मुलगा मीच होतो, आणि २९ वर्षांनी दुसरा मुलगा तेच लिहीत होता तर मी त्याला मुद्द्याला धरून लिही म्हणत होतो. मुद्दा त्याने धरला होता. सुटला होता तो माझ्या हातून.

त्या आठ ओळी पुन्हा वाचल्या तेव्हा त्यांची बांधणी दिसली. आधी काय व्हायचं, आता काय होतं, आणि आता जे होतं त्यातही काय राहिलं. वडिलांचं विहिरीवर जाणं टळलं, पण झोप अखंड झाली नाही, ते तासातासाला उठून फोन लावतात. शाप आणि वरदान असे दोन भाग त्याने केले नव्हते, कारण त्याच्या घरात ते तसे वेगळे नव्हते. सोऱ्यात साचा बसवून मी वर्षानुवर्षं रिकामा दांडा फिरवत होतो. पीठ घेऊन आलेलं हे पहिलं पोर, आणि मी त्याचं पीठच नाकारलं होतं.

पुढच्या तुकडीपासून मी विषय फळ्यावर लिहिणं बंद केलं. नुसता एक प्रश्न विचारायचो : रात्री दहानंतर तुमच्या घरात पूर्वी काय व्हायचं, जे आता होत नाही? पहिलं वाक्य ‘युज्ड टू’चं, दुसरं ‘नाऊ’चं, तिसरं ‘बट’ किंवा ‘स्टिल’चं. एवढाच साचा. घरी जाऊन आजीला, आईला विचारायचं आणि आठ ओळी आणायच्या.

काय काय आलं! आई दर रविवारी एसटीडी बूथवर रांग लावायची, मुंबईच्या मामाशी बोलताना डोळे मीटरवर ठेवायची. आता मामा रोज दिसतो, पण दोन मिनिटांत बोलणं संपतं. आजी एसटीच्या आवाजावरून वेळ सांगायची, आताही तीच सांगते, कारण तिला मोबाईलवरचे आकडे दिसत नाहीत. एका मुलाचे वडील टोमॅटोचा टेम्पो भरून पाठवायचे आणि भाव कळायला ड्रायव्हर परत यायची वाट बघायचे. आता टेम्पो निघायच्या आधी भाव फोनवर येतो. तिसरं वाक्य त्याने लिहिलं होतं, ‘बट रेट इज सेम.’ भाव लवकर कळतो आणि भाव चांगला मिळतो या दोन गोष्टींत किती अंतर आहे, हे मी त्याच्या चार शब्दांत शिकलो.

एका मुलीने तर माझा साचाच मोडला. तिचे आजोबा जत्रेच्या कमिटीत होते. पाडव्याच्या सुमारास नारायणगावला राहुट्या लागतात, गावोगावचे लोक तिथे येऊन तमाशाची सुपारी देतात. तिने लिहिलं की आजोबा सुपारी द्यायला नारायणगावला जायचे आणि आताही जातात, फोनवर ठरवत नाहीत, कारण समोर बसल्याशिवाय पैसे कमी होत नाहीत. ‘देअरफोर, नो चेंज,’ असा शेवट. तंत्रज्ञानाने काय बदललं हे विचारणाऱ्या प्रश्नाला काय बदललं नाही हे सांगणारं उत्तर मला तोवर कुणी दिलं नव्हतं. पूर्ण गुण दिले.

कर्मणी प्रयोग, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘व्हॉइस’, हा सगळ्यात कोरडा धडा. तो ओला झाला खोडदला. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे शाळांसाठी प्रदर्शन असतं. आम्ही मुलांना घेऊन जायचो. आमच्याकडे अँटेनांना सरळ ‘छत्र्या’ म्हणतात. या छत्र्यांचं पान पत्र्याचं नाही. दुर्बीण उभारणाऱ्या गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पोलादी दोरांवर ताणलेल्या तारेच्या जाळीची केली. त्यामुळे वारा आरपार जातो, वजन कमी, खर्च कमी, आणि मीटरभर लांबीच्या लहरींना जाळी पत्र्यासारखीच परतवते. ३० पैकी १४ मध्यभागी जवळजवळ आणि १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर दूरवर पसरलेल्या. परत आल्यावर मी फळ्यावर लिहिलं, ‘थर्टी अँटेनाज वेअर बिल्ट.’ आणि सांगितलं की कर्ता कोण ते महत्त्वाचं नसेल तेव्हा ‘बाय’ लिहिला नाही तरी चालतं. एक मुलगा उठला. “सर, माझे आजोबा होते तिथं कामाला. जाळीच्या.” मग तो बसला नाही, उभाच राहिला. मी वाक्याच्या शेवटी जागा करून त्याच्याच हाती खडू दिला. त्याने लिहिलं, ‘बाय मेनी पीपल ॲण्ड माय ग्रँडफादर.’

त्यानंतर ‘बाय’ सहजासहजी गाळू नका असं मी सांगायला लागलो. एकदा भाव पडले होते आणि रस्त्याच्या कडेला टोमॅटोचे ढीग सडत होते. वाक्य दिलं, ‘टोमॅटोज आर थ्रोन ऑन द रोड.’ कोणी फेकले? वर्ग गप्प. मग पुढच्या बाकावरून हळूच आलं, “बाय अस, सर.” तो तास मी लवकर संपवला.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाली आणि तंत्रज्ञान हा विषय निबंधातून उठून आमच्या मानगुटीवर बसला. मी आयुष्यात पहिल्यांदा भिंतीला फळा टेकवून मोबाईलसमोर शिकवलं. ४६ जणांच्या वर्गात पडद्यावर कधी ११ असत, कधी ७. जर-तरची वाक्यं शिकवत होतो. ‘असता तर’, ‘केलं असतं’, जे झालं नाही त्याबद्दलची. मराठीत त्यासाठी ‘अस’ धातू दोनदा वापरावा लागतो, इंग्रजीत ‘हॅड’ आणि ‘वुड हॅव’. गृहपाठ व्हॉट्सॲपवर फोटो काढून पाठवायचा. दहावीतल्या एका मुलीचा फोटो रात्री साडेअकराला आला. ‘इफ माय फादर हॅड नॉट टेकन द फोन टू द मार्केट, आय वुड हॅव अटेंडेड द क्लास.’ घरात एकच फोन, तो सकाळी वडिलांबरोबर बाजारात, परत आला की आधी धाकट्या भावाचा तास, आणि सगळे झोपल्यावर हिचा. वाक्यात एकही चूक नव्हती. मला आनंद झाला आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटली. २०२१ ला दहावीची परीक्षाच झाली नाही, अंतर्गत गुणांवर निकाल लागला. तिच्या गुणपत्रिकेत साडेअकराची ती वेळ कुठेच दिसत नाही.

नोकरीची शेवटची दोन-तीन वर्षं वेगळीच गेली. वह्यांमधून एक नवी सुरुवात यायला लागली, ‘इन टुडेज फास्ट-पेस्ड वर्ल्ड’. पाच वह्या, पाच अक्षरं, एकच निबंध. एकही स्पेलिंग चुकलेलं नाही. मोबाईलमधल्या यंत्राला विषय सांगितला की ते अर्ध्या मिनिटात लिहून देतं हे मला मुलांनीच दाखवलं. सहकारी चिडले. पोरं वाया गेली, म्हणाले. मला तसं म्हणता येईना. हा निबंध मी ओळखत होतो. विमानाने फिरणारा, विवेकाने वागा म्हणून संपणारा तोच माणूस, फक्त कपडे नवे. १९८३ ला मी तो गाईडातून पाठ केला, मुलांनी तो फोनवरून उतरवला. उलट पाठांतराची मेहनत तरी मला पडली होती, एवढाच माझा मोठेपणा. कुणाच्याही घरचा नसलेला निबंध मागायचा आणि तो कुणाच्याही घरून न आलेला मिळाला की रागवायचं, हे न्यायाचं नाही. आता परीक्षेत एका बाजूचे मुद्दे देऊन उलट बाजू मांडायला सांगतात. हेतू चांगला आहे. पण त्याचेही ठरीव मुद्दे बाजारात तयार मिळतात.

म्हणून मी यंत्र बंद करा म्हटलं नाही. म्हटलं, घरच्यांना विचारा, ते बोलतील तसं मराठीत फोनला सांगा, इंग्रजी करून घ्या, आणि वर्गात येऊन त्यातल्या चुका मला दाखवा. एका मुलीने आजीचं बोलणं फोनमध्ये भरलं : ‘तुझा आजा रात्रीचा दारं धरायचा.’ यंत्राने लिहिलं, ‘युवर ग्रँडफादर युज्ड टू होल्ड द डोअर्स ॲट नाइट.’

वर्ग खो खो हसला. रात्रभर दरवाजे धरून उभा राहिलेला आजोबा सगळ्यांना डोळ्यांसमोर दिसला. मी म्हटलं, “आधी बघा, काय बरोबर आहे?” तीच मुलगी म्हणाली, “युज्ड टू बरोबर आहे, सर. ‘धरायचा’ ओळखलं त्यानं.” खरं होतं. जे शिकवायला मला १६ वर्षं लागली ते यंत्राने क्षणात केलं होतं. साचा चोख होता. त्याला पाणी दिसलं नव्हतं. मग पोरांनी ते वाक्य स्वतः केलं. ‘दारं’ला इंग्रजी शब्द सापडेना, मलाही येईना, शेवटी तिघांनी मिळून लिहिलं, ‘ही युज्ड टू टर्न द वॉटर फ्रॉम वन रो टू द नेक्स्ट, ऑल नाइट.’ फळ्यावरचं ते वाक्य मी दोन दिवस पुसू दिलं नाही. इंग्रजी शिकवल्यासारखं मला जेव्हा जेव्हा वाटलं, त्यातले हे दोन दिवस नक्की धरावेत.

निवृत्तीच्या वेळी भाषणं झाली, शाल-श्रीफळ झालं. नव्याने लागलेल्या इंग्रजीच्या बाईंनी विचारलं, “सर, एखादी गोष्ट सांगाल?” तेव्हा गर्दीत नीट सांगता आली नाही, ती इथे सांगतो. साचे घोकून घ्या, त्यावाचून इंग्रजी येत नाही, आणि आमच्या पोरांना ते कानावर पडायला दुसरी जागा नाही. पण मुलाने साच्यात घरचं काही भरून आणलं, तर ते आधी वाचा आणि लाल पेन नंतर उघडा. ‘टायगर’चा ‘लेपर्ड’ दुसऱ्या वाचनात करता येतो.

२०१२ चा तो मुलगा आता स्वतः शेती करतो. मध्ये बाजारात भेटला, ठिबक केलंय म्हणाला, दारं धरायची फारशी राहिली नाहीत. त्याला तो निबंध आठवत नाही. पेपर माझ्याकडे आहे हे मी त्याला सांगितलं नाही, कारण वरच्या कोपऱ्यात लाल शाईत मी दिलेले गुण आहेत. दहापैकी साडेतीन.